दाखल्यावर 18 पूर्ण, ग्रामपंचायतीत अजून नाही. मुलगी शिकायला घराबाहेर राहू शकते का?

अमळनेरचा_मामा

भाचीसाठी विचारतोय. गाव चोपडा तालुक्यातलं. बारावी सायन्स झाली, नाशिकला पुढे शिकायचं म्हणते. तिची आई तयार आहे, पण आमचे पाहुणे (म्हणजे तिचे वडील) ऐकत नाहीत. "आधी लग्न, मग सासरचे शिकवतील" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मारहाण वगैरे नाही, पण कागद सगळे त्यांच्या कपाटात.

अडचण अशी, की शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 2008 आहे आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत 22 सप्टेंबर 2008. म्हणजे दाखल्याप्रमाणे ती सज्ञान झाली, नोंदीप्रमाणे दोन महिने बाकी.

1) खरी तारीख कोणती धरतात?
2) वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली तर पोलीस तिला परत आणून देतील का? माझ्यावर काही येईल का?
3) कागद, बँक, शिष्यवृत्ती यांचं काय करायचं?
4) आजीनं मृत्युपत्रानं तिच्या नावावर सव्वा एकर वावर केलंय. उताऱ्यावर तिच्या नावापुढे "अपाक" म्हणून वडिलांचं नाव आहे. आता वडील म्हणतात, जायचंच असेल तर सही करून जा. करावी का?

भावनिक सल्ले नकोत, भो. ते घरात रोज चालू आहेत.

केळीवाला_रावेर

मामा, मुलींचं वय आता 21 केलंय ना सरकारनं? मग 18 चा प्रश्नच कुठे येतो?

कोर्टआवार

केळीवाले, ते झालेलं नाही. मुलीच्या लग्नाचं वय 21 करणारं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झालं. आजही लग्नासाठी मुलगी 18, मुलगा 21. आणि तो आकडा फक्त लग्नापुरता आहे. घर सोडणं, करार करणं, बँक खातं चालवणं, मत देणं या सगळ्याला मुलगा असो की मुलगी, 18 च लागतात. जुनी माणसं 21 म्हणतात त्यालाही कारण आहे: मतदानाचं वय 1989 पर्यंत 21 होतं, आणि ज्याला कोर्टानं पालक नेमून दिलाय तो 1999 च्या दुरुस्तीपर्यंत 21 लाच सज्ञान व्हायचा. ते दोन्ही संपलं.

आता मामांचा पहिला प्रश्न. भारतीय सज्ञानता अधिनियम 1875 चं कलम 3 सांगतं, की जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून मोजायचा आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान. म्हणजे आदल्या रात्री बारा वाजले की झालं. गावाकडे "अठरावं लागलं" म्हणून पोरगी मोठी धरतात, ते चालत नाही; अठरावं सरलं पाहिजे.

दोन तारखांचं म्हणाल तर 1 जून ही खानदेशातल्या अर्ध्या शाळकरी पिढीची जन्मतारीख आहे. पहिलीत वय बसावं म्हणून गुरुजींनी लिहिलेली. फौजदारी प्रकरणात वय ठरवताना बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 94 पाहतात. त्यात क्रम दिलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे क्रमानं पाहिलं तर तुमच्या भाचीची 1 जून ही तारीख वर राहते. आधारकार्ड या क्रमात कुठेच नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

पण हा क्रम कोर्टात चालतो. ठाण्यात रात्री अकरा वाजता वडील ग्रामपंचायतीचा दाखला टेबलावर ठेवून "पोरगी अज्ञान आहे" म्हणाले, तर ठाणे अंमलदार बहुधा गुन्हा दाखल करून मोकळा होईल आणि कलम 94 ची चर्चा नंतर होईल. तोवर ज्याच्या घरी ती राहिली तो अटकपूर्व जामिनासाठी धावत असेल. भारतीय न्याय संहितेचं कलम 137, कायदेशीर पालकाच्या ताब्यातून अपहरण, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत मुलासाठी 16 आणि मुलीसाठी 18 असा फरक होता. 1 जुलै 2024 पासून दोघांनाही 18.

म्हणून माझं मत: दोन्ही तारखा उलटू द्या. 22 सप्टेंबर लांब नाही. प्रवेशाची तारीख त्याआधी येत असेल तर आईनं स्वतः सोबत जाऊन प्रवेश घ्यावा, वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून आईनं सही करावी, आणि "मी माझ्या मुलीला शिक्षणासाठी पाठवत आहे" असं लिहून एक प्रत तुमच्याकडे ठेवावी. आईनं पाठवलेल्या मुलीबाबत अपहरण उभं करणं अवघड जातं. मात्र या दोन महिन्यांत ती एखाद्या मित्राच्या खोलीवर राहिली, तर तो मुलगा कलम 137 आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दोन्हींत सापडू शकतो. पोक्सोत 18 खालच्या मुलीची संमती विचारातच घेत नाहीत.

अजून एक. ती सप्टेंबरची तारीख दुधारी आहे. त्याआधी वडिलांनी लग्न लावायला घेतलं तर त्याच जन्मनोंदीवर तो बालविवाह ठरतो. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन गेला तर माणसं येतात. बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 च्या कलम 13 खाली न्यायदंडाधिकारी लग्नावर मनाई हुकूमही देऊ शकतात. वडिलांना हे कोणीतरी शांतपणे सांगा. अज्ञान म्हणून घरात बसवायचं आणि सज्ञान म्हणून बोहल्यावर चढवायचं, हे एकाच दाखल्यावर जमणार नाही.

पाटणादेवी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत देते.

18 पूर्ण झालेल्या माणसाला तिच्या मर्जीविरुद्ध पालकांच्या हवाली करायचा अधिकार पोलिसांना नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सोनी गेरी आणि शफीन जहाँ या दोन प्रकरणांत हे फार स्पष्ट केलं: सज्ञान मुलीनं कुठे राहायचं, काय शिकायचं, हे ती ठरवेल, कोर्टानंही पालकांच्या वरचा पालक होऊ नये. सोनी गेरी प्रकरणात तर प्रश्न लग्नाचा नव्हताच. आईवडील वेगळे, आणि मुलीला कुवेतला वडिलांकडे राहून शिकायचं होतं. तुमच्या प्रश्नाला तोच निकाल जास्त जवळचा.

प्रत्यक्षात काय होतं ते असं. वडील "मिसिंग" दाखल करतात. ठाण्यात हरवलेल्या व्यक्तीच्या रजिस्टरला नंबर पडतो, फोनचं लोकेशन निघतं, पोलीस संपर्क करतात. यात घाबरून फोन बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. फोन बंद म्हटल्यावर संशय वाढतो, मैत्रिणींना बोलावणं जातं, आणि साधी मिसिंग अपहरणाकडे वळते.

त्यापेक्षा जायच्या दिवशीच एक पानाचा अर्ज लिहायचा. नाव, जन्मतारीख, सोबत दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत, "मी सज्ञान असून स्वखुशीने शिक्षणासाठी अमुक ठिकाणी राहायला जात आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, माझ्याबाबत मिसिंगची तक्रार आल्यास या क्रमांकावर माझा जबाब घ्यावा." एक प्रत गावच्या हद्दीतल्या ठाण्याला, एक जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला, एक जिथे राहणार तिथल्या ठाण्याला. हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. घेत नाहीत म्हटले तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट, शिवाय अधीक्षक कार्यालयाला ई-मेल. पत्ता वडिलांना कळू नये असं वाटत असेल तर अर्जात पूर्ण पत्ता लिहायची सक्ती नाही, फोन पुरे.

नंतर जबाबासाठी बोलावतील. चोपड्याचे पोलीस "इकडे ये" म्हणाले तर लगेच गाडीत बसायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 नुसार तपासात साक्षीदार म्हणून स्त्रीला ती राहते त्या ठिकाणाशिवाय दुसरीकडे हजर व्हायला भाग पाडता येत नाही. जबाब नाशिकच्या ठाण्यात, महिला अधिकाऱ्यासमोर द्यावा. ठाण्यात आईवडिलांना समोर बसवून "एकदा घरी जाऊन ये, मग ठरवू" असं समजावतात. तो सल्ला असतो, हुकूम नव्हे, आणि "नाही" म्हटल्यावर तिथून उठता येतं.

आणि सोनं. घरातून निघताना दागिने, रोख, वडिलांच्या नावची गाडी यातलं काहीही नेऊ नका, आजीनं तिलाच दिलेली पोत असली तरी. मिसिंगमध्ये काही निघालं नाही की पुढची तक्रार चोरीची येते, आणि तिच्यात सज्ञान असल्याचा काही उपयोग नसतो. बॅग भरून झाली की आईच्या समोर तिचा फोटो काढून ठेवा.

उलट बाजू पण लक्षात असू द्या. सज्ञान मुलीला घरात कोंडून ठेवलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 खाली न्यायदंडाधिकारी किंवा प्रांत यांच्याकडे अर्ज करता येतो, ते शोध वॉरंट काढून तिला समोर आणवतात. त्याच्या वर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायची याचिका). जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तातडीला 112, महिलांसाठी 181, आणि जिल्ह्याला सखी केंद्र आहे, तिथे तात्पुरता मुक्काम, वकील, समुपदेशन हे एकाच जागी मिळतं. जातपंचायत मध्ये पडून घर वाळीत टाकायची भाषा करत असेल तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, 2017 पासून लागू, शिक्षा 3 वर्षांपर्यंत आणि दंड 1 लाखापर्यंत.

सेतूवाला

कागदांचं मी सांगतो, कारण पोरं इथेच फसतात. कायद्यानं सुटतात आणि ओटीपीला अडकतात.

पहिलं काम आधारला जोडलेला मोबाइल. नव्वद टक्के वेळा तो वडिलांचा असतो. मग डिजिलॉकर उघडा, बँक खातं उघडा, महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) अर्ज करा, प्रत्येक ओटीपी वडिलांच्या खिशात वाजतो. आधी तिच्या नावावर सिम घ्या (18 झाल्यावर मिळतं), मग आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला. त्याला कागद लागत नाही, बोटाचे ठसे पुरतात. पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अद्ययावत केलेलं नसेल तर तेही तिथेच उरका, नाहीतर ठसे जुळत नाहीत आणि हेलपाटे पडतात. नंबर बदलला की ई-आधार डाउनलोड होतं, मूळ कार्ड कपाटात राहिलं तरी बिघडत नाही.

दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते का बघा, बऱ्याच ठिकाणी ती चालते. मूळच लागली तर दुय्यम प्रत शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडून निघते (धुळे, जळगाव, नंदुरबार तिकडेच येतात). शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मुख्याध्यापक देतात, मूळ गहाळ झाल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. कपाटात आहे हे माहीत असताना "हरवला" म्हणून प्रतिज्ञापत्र करू नका. "मूळ प्रत माझ्या ताब्यात नाही" असं लिहा, ते खरं असतं.

बँक. लहानपणी उघडलेलं खातं पालकाच्या सहीनं चालतं. 18 पूर्ण झाले की पालकाचा अधिकार संपतो, पण बँकेला ते आपोआप कळत नाही. शाखेत जाऊन नवी सही, फोटो, केवायसी देऊन खातं सज्ञान करून घ्यावं लागतं. वाद असेल तर मी सांगेन, जुन्या खात्याच्या नादी लागू नका, दुसऱ्या बँकेत नवं खातं काढा आणि तिथे "आधार सीडिंग" चा (सरकारी पैशासाठी आधार खात्याला जोडायचा) अर्ज भरा. सरकारी पैसे जे खातं सगळ्यात शेवटी सीड झालं त्यात येतात. शिष्यवृत्ती महिनोन्महिने "मंजूर" दिसते आणि मिळत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच असतं: पैसे जुन्या, वडिलांच्या हातातल्या खात्यात गेलेले.

आता महत्त्वाचं. 18 झाले म्हणून शिष्यवृत्तीत ती "स्वतंत्र" होत नाही. महाडीबीटीला उत्पन्न कुटुंबाचंच लागतं, तहसीलदारांच्या दाखल्यानिशी. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, मराठा (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण अट 8 लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाची. म्हणजे वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवाच. तो भांडण व्हायच्या आधी काढून ठेवा. सेतूत अर्ज आईच्या नावानंही करता येतो.

त्याहून अवघड जात पडताळणी. तिला वडिलांकडच्या रक्तनात्याचेच पुरावे लागतात: वडील, आजोबा, चुलते, आत्या यांचे शाळेचे दाखले, जुन्या कोतवाल बुकाच्या नोंदी, वंशावळ. मानीव तारखेच्या (प्रवर्गानुसार ठरलेली जुनी तारीख) आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. चुलत्याचं किंवा चुलतभावाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम निम्मं होतं, त्याची झेरॉक्स आधी मिळवा. घर सोडून गेल्यावर आजोबांचा चौथीचा दाखला मागायला कोणाकडे जाणार?

मतदार यादीला नमुना 6 आहे. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा झाल्यात, त्यामुळे वर्षभर थांबावं लागत नाही.

सातबारा_उतारा

मामा, चौथ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर: सही करू नका.

आता सविस्तर. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलीची, वडील फक्त सांभाळणारे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 च्या कलम 8 नुसार नैसर्गिक पालकाला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता येत नाही. 5 वर्षांपेक्षा जास्त किंवा ती सज्ञान झाल्यावर वर्षाच्या पुढे जाईल अशा मुदतीनं भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. परवानगीशिवाय दिली असेल तर तो व्यवहार तिला रद्द करून मागता येतो, पण मुदत सज्ञान झाल्यापासून फक्त 3 वर्षं. म्हणून आज ताजा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढा आणि "इतर हक्क" चा रकाना नीट वाचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतोय का? दिसला तर तो कोणत्या फेरफार (उताऱ्यातल्या बदलाची नोंद) क्रमांकानं चढला ते बघून त्या फेरफाराची नक्कल काढा. पीककर्ज वडिलांनी उचललेलं आणि बोजा पोरीच्या वावरावर, हे केळीच्या पट्ट्यात नवं नाही. मध्येच जमीन विकून टाकलेली असली तर तेही इथेच उघडं पडतं, आणि ते तिनं 18 व्या वर्षी बघितलेलं बरं. 22 व्या वर्षी कळून उपयोग नाही.

अपाक शेरा कमी करायला ई-हक्क प्रणालीवर तसा अर्जाचा प्रकारच आहे. किंवा सरळ तलाठ्याकडे (हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी अर्ज द्या. सोबत वयाचा पुरावा, आधार, सातबारा. फेरफार नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. वडील हरकत घेतील ती वयाचीच. म्हणून इथेही कोर्टआवारांचं ऐका, 22 सप्टेंबरनंतर अर्ज द्या आणि दोन्ही दाखले जोडा. दोन्हींप्रमाणे 18 पूर्ण असतील तर हरकतीत दम राहत नाही. वडिलांची संमती लागत नाही.

आता "सही करून जा" म्हणतात ती बहुधा हक्कसोडपत्राची किंवा मुखत्यारपत्राची. अठरा पूर्ण झाल्यावरची पहिली दिवाळी यायच्या आत सह्या घेऊन टाकायच्या, अशी घाई पुष्कळ घरांत असते. आज, म्हणजे 22 सप्टेंबरच्या आत, सही घेतली तर तिच्या वयावरच वाद उभा राहील. त्यानंतर घेतली तर पक्की बसेल. नोंदणीकृत हक्कसोड एकदा झाली की "मला समजलं नव्हतं" हे कोर्टात शाबीत करण्यात वर्षं जातात. मुखत्यारपत्र रद्द करता येतं, पण रद्द करेपर्यंत वावर गेलेलं असतं. कोऱ्या स्टॅम्पवर तर नाहीच नाही. शिक्षणाला परवानगी आणि वावरावरची सही यांचा काही संबंध नाही. दोन्ही एका टेबलावर कोणी आणलं तर तिथेच उठा.

घर सोडलं म्हणून वडिलोपार्जित मिळकतीतला वाटाही जात नाही. महाराष्ट्रात मुलगी 1994 च्या दुरुस्तीनं सहदायक (मुलासारखीच वाटेकरी) झाली, देशभर 2005 मध्ये, आणि विनिता शर्मा निकालानं (11 ऑगस्ट 2020) तो हक्क जन्मानं असल्याचं पक्कं केलं. मात्र वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत त्यांची. ती ते मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात. "बेदखल केलं" अशी पेपरातली जाहिरात वडिलोपार्जितला लागू होत नाही.

केळीवाला_रावेर

सातबारा भाऊ, मग उलट विचारतो. वडिलांनीच म्हटलं, 18 झाले, आता माझ्या घरात राहू नको, तर?

कोर्टआवार

घर वडिलांच्या स्वकमाईचं असेल तर मुलगा तिथे त्यांच्या मर्जीनंच राहतो, हक्कानं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. 18 नंतर धडधाकट मुलाला पोसायची कायदेशीर जबाबदारीही बापावर राहत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ची पोटगी सज्ञान अपत्याला मिळते ती शारीरिक-मानसिक व्यंगामुळे कमावता येत नसेल तरच.

मुलीचं वेगळं. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम 1956 चं कलम 20(3) अविवाहित मुलीचा निर्वाह, तिला स्वतःच्या कमाईतून भागवता येत नसेल तोवर, आईवडिलांवर टाकतं. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या 2020 च्या निकालानं हे कायम केलं, फक्त त्यासाठी दावा त्या कायद्याखाली लावावा लागतो, 144 च्या अर्जात ते मिळत नाही. चुकीच्या कोर्टात चुकीचा अर्ज लावून दोन-दोन वर्षं घालवलेली प्रकरणं आहेत. शिवाय कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली मुलीला सामायिक घरातून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे.

तात्पर्य मामांच्या भाचीपुरतं: घर सोडून ती नाशिकला गेली तरी खर्चाचा हक्क मागता येतो. मागावा की नाही, ते घरातल्या घरात ठरवा. सगळे हक्क कोर्टातच वाजवायचे नसतात.

पाटणादेवी

राहायच्या जागेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पहिली पसंती कॉलेजच्या किंवा शासकीय मुलींच्या वसतिगृहाला. ती वसतिगृहं गुणवत्तेवर भरतात, अर्जाच्या तारखा कॉलेज प्रवेशाच्या आगेमागेच असतात, चुकली की वर्ष गेलं. जागा मिळाली नाही तर प्रवर्गानुसार स्वाधार (अनुसूचित जाती), स्वयम (जमाती), ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार (ओबीसी, भटके) या योजनांत राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. कॉलेज ज्या गावात, तिथलीच रहिवासी असेल तर मिळत नाहीत, म्हणून आधारवरचा पत्ता घाईनं नाशिकचा करू नका. तो अर्ज मंजूर होईपर्यंत चोपड्याचाच राहू द्या.

वसतिगृहं 18 पूर्ण झालेल्या मुलीलाही पालकाची सही आणि स्थानिक पालक मागतात. हा कायदा नाही, त्यांचा नियम आहे, पण भांडून उपयोग नसतो. आईची सही आणि नाशिकमधल्या एखाद्या नातेवाइकाचं नाव, यावर भागतं.

खासगी खोली घेतली तर भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत. "11 महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चुकीचं. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नं मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची आणि ती घरमालकाची जबाबदारी. न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के: समजा भाडं 4,000, मुदत 11 महिने, अनामत 10,000. भाडं झालं 44,000, अनामतीवर 10 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 1,000, एकूण 45,000 वर 0.25 टक्के. त्यापेक्षा नोंदणी फी आणि एजंटचं मानधन जास्त पडतं. तिला हा करार 18 पूर्ण झाल्यावरच करता येईल, अज्ञानाचा करार 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुळातच शून्य. तोवर करार आईच्या नावानं.

अमळनेरचा_मामा

सगळ्यांचे आभार. ताईशी, म्हणजे भाचीच्या आईशी बोलतो. एकच राहिलं, रेशनकार्डावरून नाव काढावं लागेल का? पाहुणे म्हणतात "नाव कापून टाकतो".

सेतूवाला

शिकायला गेली म्हणून नाव काढायची गरज नाही. अंत्योदय कार्ड असेल तर धान्य कार्डामागे 35 किलो, नाव कापून तिचं काही जात नाही आणि घराचंही काही वाचत नाही. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो, म्हणजे नाव कापलं की घराचंच 5 किलो कमी. हे पाहुण्यांना सांगा, बहुधा तिथेच थांबतील. नाव कमी करायचा नमुना 9 आहे. त्यांनी खरंच दिला तर कमी केल्याचा दाखला ताईंनी पुरवठा शाखेतून घेऊन ठेवावा. तो असला की दुसरीकडे नमुना 8 वर नाव चढतं, नसला तर चढत नाही.

बाकी उत्पन्नाच्या दाखल्याला रेशनकार्डाची झेरॉक्स लागते. ती आजच, तिचं नाव असतानाच काढा. दोन्ही बाजूंची.